मार्चअखेरीचा पैसा आणि पहिलीतलं वाचन

गुरुग्राममधल्या कंपन्यांच्या सीएसआर विभागांत आणि समित्यांवर काम करणाऱ्या मराठी मंडळींना,



विषय हरियाणाच्या सरकारी प्राथमिक शाळांचा, मुलं हिंदीतून शिकणारी, पैसा तुमच्या कंपन्यांचा आणि पत्र मात्र मराठीत, याचं काहींना नवल वाटेल. हेच सगळं मी आधी इंग्रजीत लिहून एका कंपनीला पाठवलं होतं. ‘आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे’ एवढं उत्तर आलं. पण मराठीत लिहिण्याचं खरं कारण ते नव्हे. सायबर सिटीत, उद्योग विहारात, गोल्फ कोर्स रोडवरच्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जणांची पहिली-दुसरी जिल्हा परिषदेच्या नाहीतर नगरपालिकेच्या शाळेत गेली आहे. गणपतीत आरती झाल्यावर तुम्ही आपापल्या गुरुजींच्या आणि बाईंच्या आठवणी काढता, त्या मी ऐकते. सरकारी शाळेत मूल चांगलं वाचायला शिकतं, हे तुम्हाला अहवाल दाखवून पटवावं लागणार नाही.

मी घराजवळच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जाते. मी शिक्षिका नाही, कुठल्या संस्थेची पगारी कार्यकर्तीही नाही. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या पत्राचा जाब तिथल्या बाईंना द्यावा लागू नये. तुमच्या कंपन्यांची नावंही लिहीत नाही. ज्याचं त्याला कळेल.

आधी थोडे आकडे, कारण तुमच्या बैठकीत त्याशिवाय पान हलत नाही. मुलांना किती वाचता येतं हे बघणारी ‘असर’ची पाहणी ग्रामीण भारताची असते, त्यामुळे गुरुग्राम शहर तिच्यात येत नाही. तरी दिशा कळते. सरकारी शाळेत तिसरीत असलेल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. सुधारणा आहे, ती मान्य करायला हवी. पण पाचवीत पोहोचूनही हा उतारा वाचता येणारी मुलं २०२४ मध्ये ४४.८ टक्केच होती. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ ला ‘निपुण भारत’ सुरू केलं तेव्हा शब्द दिला होता की २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणारं प्रत्येक मूल समजून वाचेल. ती मुदत आता आपल्या दाराशी आली आहे, आणि या कामासाठी ज्यांच्या हातात मोकळा पैसा आहे त्यांत तुम्ही पुढच्या रांगेत आहात.

तो पैसा जातो कुठे, तर वस्तूंत. शाळेची भिंत रेल्वेच्या डब्यासारखी रंगते. स्मार्ट पॅनेल येतं, फीत कापली जाते, फोटो निघतात. त्या पॅनेलवर मुलं कविता बघतात, मोठ्याने म्हणतात, आणि त्याच कवितेतली एक ओळ कागदावर लिहून पुढे ठेवली की गप्प होतात. रंगाबद्दल माझी फार तक्रार नाही. रंगीत भिंत मुलांना आवडते, मलाही आवडते. पण ‘प्रारंभिक साक्षरता’ या मथळ्याखाली रंगाच्या डब्यांचं बिल लावू नका, एवढं म्हणणं आहे.

पुस्तकांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. तुमच्यापैकी एका कंपनीने आमच्या शाळेला काचेचं सुंदर कपाट दिलं आणि ते पुस्तकांनी भरूनही दिलं. त्याला कुलूप आहे. पुस्तकं स्टॉक रजिस्टरमध्ये नगांनिशी चढली, सही मुख्याध्यापकांची. उद्या तपासणीला नग कमी भरले तर उत्तर त्यांनी द्यायचं. सहा वर्षांच्या मुलाच्या हातात पुस्तक गेलं की ते मळतं, फाटतं, घरी जाऊन धाकट्या भावाच्या तोंडात जातं. ही जोखीम पगारदार माणसाने कुणासाठी घ्यावी? आतली पुस्तकं पाहिलीत तर कुलुपाचं फारसं दुःखही होणार नाही. जाडजूड इंग्रजी ज्ञानकोश, शेवटी तात्पर्य असलेल्या बोधकथा, आणि वरच्या खणात सोसायट्यांमधून गोळा केलेली, कोडी आधीच सोडवून झालेली पुस्तकं. घर आवरताना निघालेली रद्दी शाळेच्या दारात नेऊन ठेवण्याला ‘पुस्तकदान मोहीम’ म्हणायची पद्धत पडली आहे.

पहिलीतल्या मुलाला पातळ पुस्तक लागतं. पानावर एक-दोन ओळी, ओळखीचं चित्र, ओळखीचा प्रसंग. एनसीईआरटीने २००८ मध्ये ‘बरखा’ नावाची चाळीस पुस्तिकांची मालिका याच कामासाठी काढली, चार पायऱ्यांत चढत जाणारी. पोळी फुगणं, झोका, मांजर असले विषय. ‘प्रथम बुक्स’ २००४ पासून स्वस्त पुस्तकं काढतंय आणि २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’वर तर कुणीही फुकट उतरवून छापावीत अशी खुली ठेवलीत. चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट तर इथून तासाभरावर, दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावर आहे. तेव्हा पुस्तकं मिळत नाहीत ही सबब इथे चालणार नाही. माझी मागणी अशी: एकेका पुस्तकाच्या दहा-दहा प्रती द्या, म्हणजे गटात सगळ्यांच्या हातात एकच गोष्ट असेल. आणि देणगीपत्रातच लिहून द्या की ही पुस्तकं वापरून संपवण्यासाठी आहेत, फाटली-हरवली तर कंपनी दरवर्षी नवी देईल आणि शाळेकडे हिशेब मागणार नाही. या एका परिच्छेदाने जेवढी कुलुपं उघडतील तेवढी एखाद्या प्रशिक्षण शिबिरानेही उघडणार नाहीत.

आता थोडं वाचायला शिकण्याबद्दलच. तुम्ही मोठे झालात आणि ते किती अवघड होतं हे विसरलात, सगळेच विसरतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. ‘र’ कधी रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, कधी पायाशी तिरका लागतो, तर कधी ‘ट’खाली येऊन आणखी तिसरंच रूप घेतो. हिंदीत त्यावर ‘ड’ आणि ‘ढ’खालच्या टिंबाची भर. ‘कमल’ शब्दात तीन पुरी अक्षरं दिसतात, पण शेवटच्या ‘ल’मधला ‘अ’ गिळायचा असतो, आणि हे कुठे लिहिलेलं नसतं. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेलं काम २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडच्या लिप्यांतली अक्षरं पुरती हाताखाली यायला चौथीपर्यंतचा काळ जातो, असं त्यात दिसलं. तुमच्या प्रस्तावांमध्ये मात्र ‘नव्वद दिवसांत वाचन’ असतं.

आपल्या पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातला यादगीर, अशा दोन ठिकाणी २०११ ते २०१६ या काळात शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मागे राहून पहिली ते तिसरीतलं वाचन-लेखन तपासलं. वर्गात चाललेला क्रम आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता: आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं. अर्थाच्या गोष्टीची पाळी येईपर्यंत वर्ष सरलेलं. मधले पंधरा दिवस जे मूल आजारी पडलं किंवा आईबापांबरोबर गावी गेलं, त्याचा धागा कायमचा तुटतो. गुरुग्रामच्या बांधकामांवर राबणाऱ्यांची मुलं म्हणजे अशीच मुलं. यावर उपाय महाराष्ट्रात कुणाला माहीत नव्हता असंही नाही. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत आणि १९८६ पासूनच्या कमला निंबकर बालभवनात मोजकी अक्षरं आणि एखाद-दुसरी काना-वेलांटी एकदम घेऊन लगेच शब्द, लगेच वाक्य, असं काम केलं. वाड्यात सोनाळ्याला नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ने २००७ पासून आदिवासी मुलांसाठी त्याच वाटेने साहित्य बनवलं, शिक्षक घडवले. या दोन्ही ठिकाणी फीत कापण्यासारखं काही नव्हतं. होती ती वर्षानुवर्षं त्याच मुलांबरोबर बसणारी माणसं.

‘ते महाराष्ट्रात झालं, इथे चालणार नाही,’ असं मला एका बैठकीत ऐकवण्यात आलं. मग हरियाणाचंच सांगते. २०१२-१३ मध्ये याच राज्याच्या सरकारने ‘प्रथम’ ही संस्था आणि जे-पाल हे संशोधन केंद्र यांच्याबरोबर महेंद्रगढ आणि कुरुक्षेत्र जिल्ह्यांतल्या ४०० शाळांत एक प्रयोग केला. रोज एक जादा तास, त्या तासात इयत्ता विसरायची आणि ज्याला जे वाचता येतं त्या पातळीच्या गटात बसवायचं. शिकवणारे नेहमीचे सरकारी शिक्षक, देखरेख करणारे गटपातळीवरचे सरकारी समन्वयक. हिंदी वाचन सुधारलं. त्याच अभ्यासात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची, म्हणजे तक्ते भरण्याची पद्धतही तपासली होती. तिचा परिणाम शून्य. हे काम करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी होते, ज्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळाल्यावर त्यांची आई पाटणकरांची, हे आपण सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना कळवलं होतं. आनंद योग्यच होता. आता त्यांच्या कामाचं हरियाणातलं पानही वाचा, ते इथून दोन-तीन तासांवर घडलेलं आहे.

माझी सर्वांत मोठी तक्रार तुमच्या करारांच्या वेळापत्रकाबद्दल आहे. हरियाणात शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. तुमची समिती मे-जूनमध्ये बसते. जून महिना शाळांना सुट्टी. सही ऑगस्टमध्ये, पैशांचा पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये, संस्थेने माणसं नेमून ती वर्गात पोहोचेपर्यंत ऑक्टोबर. नोव्हेंबरात हवा विषारी होते, आणि निर्बंध वाढले की सगळ्यांत आधी पाचवीपर्यंतचे वर्ग बंद होतात. जानेवारीचा पहिला पंधरवडा हिवाळी सुट्टी. फेब्रुवारीत तुम्हाला अहवालासाठी चाचणी हवी. ३१ मार्चला करार संपला. वर्षभराचा प्रकल्प म्हणून कागदावर असलेलं हे काम वर्गात दोन-अडीच महिनेच होतं. पुढच्या वर्षी पैसे ‘कौशल्य विकास’ला जातात, कारण नव्या साहेबांना तो विषय जवळचा असतो.

हे सगळं कायद्यामुळे होतं असं सांगू नका. कंपनी कायद्याचं कलम १३५ आणि त्याचे नियम मी वाचले आहेत. चालू प्रकल्प म्हणजे सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालू शकणारं काम, असं नियमांतच आहे. उरलेला पैसा आर्थिक वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येतो. म्हणजे चार वर्षं. बालवाटिका, पहिली, दुसरी आणि तिसरी: मुलांच्या एका तुकडीचा हात धरून तिला वाचनाच्या काठाला लावायला लागणारा नेमका तेवढाच काळ कायद्याने तुम्हाला दिला आहे. तो कुणी वापरताना मला दिसत नाही. तसंच, ‘आम्ही पगारासाठी पैसे देत नाही’ हेही ऐकते. प्रशासकीय खर्चाची पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे, वर्गात शिकवणाऱ्या कार्यकर्तीच्या मानधनाला नाही. तेव्हा ताईचं मानधन नाकारून पॅनेल मंजूर करणं हा कायदा नव्हे, ती तुमची सवय आहे.

करार एप्रिलमध्ये सुरू करा आणि चार वर्षांचा करा. शाळा कमी घ्या. शंभर शाळांचा नकाशा पडद्यावर छान दिसतो, पण पाच शाळांत चार वर्षं टिकलात तरी मी तुमचं नाव घरोघर सांगत फिरेन. आणि त्या पाचांतल्या दोन नूंहमधल्या असू द्या. २००५ पर्यंत तो भाग गुरुग्राम जिल्ह्यातच होता, २०१८ मध्ये नीती आयोगाने त्याला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं, आणि कलम १३५ स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यायला सांगतं. तुमची स्थानिक क्षेत्राची व्याख्या बहुधा सोहना रोडवरच संपते.

८ सप्टेंबरबद्दल थोडक्यात. साक्षरता दिनाला एकसारखे टी-शर्ट घालून तीस माणसं बसमधून उतरतात, मुलांना रंगीत खडू देतात आणि दुपारी जातात. त्या दिवशी वाचनाचा तास होत नाही. बाई आदल्या दिवसापासून सजावटीत असतात. त्याऐवजी कंपनीतला एक माणूस, आठवड्यातला ठरलेला एक वार, पूर्ण वर्ष, असं करून बघा. त्याला फार काही यावं लागत नाही. मुलांना अर्धगोल बसवायचं, चित्र दिसेल असं पुस्तक धरायचं, ओळीखाली बोट फिरवत वाचायचं, पान उलटण्याआधी ‘आता काय होईल?’ विचारायचं आणि उत्तर ऐकायला थांबायचं. थांबणं तुमच्या लोकांना जड जातं, असं मला दिसलं आहे.

मोजमापाला माझा विरोध नाही. ‘असर’चा मुलांना वाचायला देण्याचा तो एक कागद नसता तर आज ही चर्चाच नसती. पण निपुणच्या लक्ष्यांत मिनिटाला किती शब्द, हा आकडा आहे (दुसरीला ४५ ते ६०, तिसरीला किमान साठ) आणि तुमच्या डॅशबोर्डवर फक्त तोच उरतो. मग शिकवणारा घड्याळ लावून तोच उतारा घोटून घेतो. आमच्याकडे एक मुलगी अशी सुसाट वाचते की पाहुणे टाळ्या वाजवतात. गोष्टीतली बकरी कुठे गेली विचारलं तर ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागते. शब्दांचा वेग तपासा, पण जोडीला अहवालात आणखी तीन गोष्टी मागा: मुलाने या महिन्यात किती पुस्तकं स्वतः निवडून घरी नेली, त्याला किती गोष्टी वाचून दाखवल्या गेल्या, आणि त्याने मनाने लिहिलेलं एक पान, चुकांसकट.

भाषेचा प्रश्न तर तुमच्या कुठल्याही सादरीकरणात मला दिसलेला नाही. आमच्या पहिलीत कुणी घरी मैथिली बोलतं, कुणी भोजपुरी, कुणी बंगाली, कुणी बुंदेली. इथल्या मूळ घरांतली मुलं हरियाणवी बोलतात. नूंहकडे गेलं की मेवाती. पुस्तकातली हिंदी यांच्यापैकी बहुतेकांना पाहुणी आहे. बंगाली बोलणारं मूल ‘लड़का खाता है’ अडखळत वाचतं तेव्हा त्याला अक्षर अडत नसतं, वाक्य अडत असतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शक्य तितकं मातृभाषेतून शिकवायला सांगतं. पाच भाषांच्या वर्गात एकट्या बाईंनी ते कसं करावं? इथे तुमचा पैसा खरोखर उपयोगी पडेल. त्याच वस्तीतल्या दहावी-बारावी झालेल्या मुली, तरुण आया शोधा, त्यांना नीट प्रशिक्षण आणि नीट मानधन द्या आणि बाईंच्या जोडीला बसवा. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’ नावाने हा प्रयोग या शतकाच्या सुरुवातीलाच झाला आणि त्याचा गुण मोजून सिद्ध झाला. त्याच्याही आधी बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळा उचलून आदिवासी पाड्यावर नेली होती. ही आपल्या घरची विद्या आहे आणि ती गुरुग्राममधल्या मराठी माणसाने विसरावी हे मला खटकतं.

‘हे सगळं सरकारचं काम आहे’ असं कुणी म्हणेल. आहेच. कायद्याने तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि शहरातल्या गर्दीच्या शाळांत पहिलीला तो मिळावा हे सरकारनेच बघायचं आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसऱ्या कामाला शिक्षक जुंपू नये, असं कलम २७ सांगतं. प्रत्यक्षात बाईंचे कितीतरी तास पोर्टलवर माहिती चढवण्यात जातात. पण राज्याची एससीईआरटी याच गावात आहे आणि तिथल्या अधिकाऱ्यांबरोबर चहा पिण्याची सोय मला नाही, तुम्हाला आहे. पुढच्या वेळी तुमच्या प्रकल्पाच्या परवानगीबरोबर त्यांच्याकडे एक गोष्ट मागा: तुम्ही घेतलेल्या शाळांत पहिलीच्या बाईंची चार वर्षं बदली नको, आणि सकाळचा पहिला तास त्यांच्याकडून कुठलीही माहिती मागवायची नाही.

येत्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या शाळेत या. बॅनर आणू नका, फोटोवाल्याला आणू नका. पहिलीच्या वर्गात मागच्या सतरंजीवर तासभर बसा आणि मग बाईंना विचारा, काय हवंय. त्या बहुधा पंखा म्हणतील. तो आधी बसवून द्या, बाकीचं त्या दुसऱ्या भेटीत सांगतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
गुरुग्राममधली एक मराठी शेजारीण

ता. क.: यंदाही धुरामुळे धाकट्यांचे वर्ग बंद होतील असं धरून चाला. तेव्हा घाईने ऑनलाइन वर्गाचे दुवे पाठवू नका. घरात फोन एक आणि तो बापाबरोबर साइटवर गेलेला असतो. ऑक्टोबरातच प्रत्येक मुलामागे चार पातळ पुस्तकं शाळेत पोहोचवून ठेवा आणि सुट्टी जाहीर झाली की ती घरी न्यायला मुख्याध्यापकांना लेखी मुभा द्या.